दोन मिलिमीटरचा सूट

"पाचचा घातलास तर बोयासारखी वर तरंगत राहशील," रुचिता म्हणाली. "मग खाली जायला कमरेला जास्तीचं शिसं लाव. खाली गेल्यावर सूट दाबला जाणार, तू दगडासारखी बुडणार, मग जॅकेटात हवा भर. सगळा वेळ वर-खाली, वर-खाली. मॅडमना हेच दाखवायचंय का तुला?"

तारकर्लीच्या आमच्या डायव्हिंग सेंटरच्या मागच्या खोलीत आम्ही दोघी उभ्या होतो. आडव्या बांबूवर रबरी सूट टांगलेले होते. पावसाळाभर बंद राहिलेल्या खोलीला बुरशीचा आणि रबराचा वास येत होता. प्रत्येक सूटच्या मानेच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगानं जाडीचा आकडा घातलेला: दोन, तीन, पाच मिलिमीटर. माझा हात पाचच्या सूटवर होता.

"दिवसाला तीन डाइव्ह आहेत," मी म्हटलं. "आणि पोहायचं नाही, एका जागी थांबून मोजायचं. पाणी कोमट असलं तरी अंगातली ऊब जात राहते. तिसऱ्या डाइव्हला जाड सूट लागतोच, असं पुस्तकात दिलंय."

"ते पुस्तक आपल्या समुद्राचं आहे का? आपण उन्हाळाभर नुसत्या टी-शर्टवर उतरतो."

"तू काल गेली होतीस ना इनासबरोबर, दोर बांधायला. कसं होतं खाली?"

तिनं बांबूवरून दोनचा एक सूट काढला, उलटा केला, शिवणीवरून बोट फिरवलं. "छान होतं," ती म्हणाली. "आंघोळीच्या पाण्यासारखं. हा घे. तुझ्या मापाचा आहे, शिवण पण उसवलेली नाही."

"आणि तू?"

"मी तीनचा घालेन. मला तुझ्यापेक्षा जास्त थंडी वाजते, माहीत आहे ना तुला."

ते खरं होतं. ती हडकुळी होती, शाळेतही प्रभातफेरीला स्वेटर घालून यायची. मी अंगानं भरलेली. मी पाचचा सूट सोडला आणि तिच्या हातातला घेतला.

रुचिता मोंडकर आणि मी एकाच वाडीतल्या. पहिलीपासून एका बाकावर. पोहायला एकत्र शिकलो, डायव्हिंगचं सर्टिफिकेट एकाच दिवशी घेतलं. आमच्या भागातल्या पोरींनी खाडीत तिसऱ्यांचे शिंपले वेचायला उतरणं वेगळं आणि पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राच्या तळाशी जाणं वेगळं. लोक बोलायचे. एकटी असते तर मी सोडूनही दिलं असतं. दोघी होतो म्हणून टिकलो. रुचिताला देवगडचं एक स्थळ आलं होतं, पण तेही गणपतीत मोडलं, असं ती म्हणाली होती. सेंटरवर पर्यटकांशी बोलून बोलून आमची मालवणीसुद्धा आपसात अर्धी शहरी झाली होती.

काम म्हणजे काय, तर पुण्या-कोल्हापूरहून आलेल्या माणसाचा हात धरून त्याला दोन पुरुष खोल पाण्यात न्यायचं, पट्ट्यापट्ट्यांचे मासे दाखवायचे, त्याचा फोटो निघेपर्यंत त्याला धरून ठेवायचं. आनंदानं अंगठा वर करणाऱ्यांना दर वेळी सांगायचं की पाण्याखाली अंगठ्याचा अर्थ 'वर चला' असा होतो. तीन वर्षं तेच. त्यापलीकडे समुद्र केवढा आहे, हे मला फक्त होडीच्या काठावरून दिसायचं.

म्हणून चिटणीस मॅडम आल्या तेव्हा मला झोप लागेनाशी झाली. त्या प्रवाळांचा अभ्यास करायच्या. त्यांच्या संस्थेला लक्षद्वीपच्या बेटांवर दोन वर्षांच्या कामासाठी पाण्याखाली नोंदी घेणारा एक माणूस हवा होता, आणि तो किनाऱ्यावरच्याच गावातला असावा असा त्यांचा आग्रह होता. जागा एक. सेंटरांवरच्या पोरांमधून गाळत गाळत त्यांनी तिघं ठेवली होती: मी, रुचिता आणि सर्जेकोटचा इनास डिसोझा. आता शेवटची परीक्षा म्हणून लांबच्या खडकांपाशी प्रत्यक्ष काम करून दाखवायचं होतं.

"तुझं झालं तर मी तुझी बॅग भरून देईन," रुचिता मला म्हणाली होती.

"आणि तुझं झालं तर?"

"तर तू माझी भर."

*

ऑक्टोबरचं ऊन नुसतं भाजत होतं. होडीला खडकांपर्यंत पोचायला तासभर लागला. मी सूट चढवला तेव्हा इनासनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"हौस आहे बाबा तुला," तो म्हणाला.

तो नेहमीच काहीतरी चिडवत असायचा. मी त्याला जीभ दाखवली आणि उडी मारली.

वरचं पाणी रुचिता म्हणाली तसंच होतं, कोमट. दोराला धरून आम्ही दोघी खाली जात होतो. मॅडम आणि इनास आमच्या पुढं. आणि मग, तळ दिसायला लागला तेवढ्यात, मी गार पाण्यात शिरले. हळूहळू नाही, एका रेषेखाली एकदम. कुणीतरी पाठीवरून बर्फाचं पाणी ओतावं तसं ते सूटच्या आत मानेतून शिरलं आणि माझा श्वासच अडकला.

पावसाळा सरताना खोल समुद्रातलं थंड पाणी किनाऱ्याकडे सरकतं. वर ऊन तापत असतं आणि तळाशी ते थंड पाणी आठवडे-आठवडे बसून राहतं. हे मी नंतर शिकले. तोवर मी उन्हाळ्यात, तेही उथळ पाण्यातच उतरले होते.

तळावर पन्नास मीटरची टेप अंथरली होती. टेपच्या हातभर वर तरंगत, कशालाही न शिवता, खाली काय काय आहे ते प्लास्टिकच्या पाटीवर लिहायचं. मी लिहिलं. दात एकमेकांवर आपटत होते, पण मी एक ओळ चुकवली नाही. माझं तरंगणं इतकं स्थिर होतं की मॅडमनी जवळ येऊन दोन बोटं गोल करून मला 'उत्तम' अशी खूण केली. ती खूण मला अजून दिसते.

वर आल्यावर मी होडीच्या मागच्या बाजूला उन्हात पालथी पडले. रुचिता माझ्याशेजारी येऊन बसली. मॅडम आणि इनास पुढच्या टोकाला टाक्या बदलत होते.

"खाली केवढं गार आहे," मी म्हटलं. "काल असंच होतं?"

"काल बरं होतं," ती म्हणाली. "पाणी फिरलं असेल."

"होडीत दुसरा सूट आहे का गो?"

"नाही. सगळे सेंटरवर." तिनं माझ्या पाठीवर टॉवेल टाकला. "नको वाटत असेल तर सांग मॅडमना. त्या काही बोलणार नाहीत. तब्येतीपेक्षा काय मोठं आहे?"

"वेडी आहेस का? एवढ्यासाठी सोडू?"

ती टॉवेलाचं टोक पिळत बसली.

दुसऱ्या डाइव्हला माझी बोटं वाकेनात. पेन्सिल मुठीत धरून मी लिहीत होते. वर आल्यावर ऊन लागत होतं, पण आतपर्यंत पोचत नव्हतं. रुचितानं चहा दिला, तो माझ्या हातून सांडला. तिनं दुसरा ओतला आणि कप स्वतः माझ्या तोंडाला लावला.

"शलाका, नको जाऊस आता," ती म्हणाली. "ऐक माझं. दोन झाल्यात, बास झालं."

"तिसरी केली नाही तर पहिल्या दोन मोजणार आहेत का?"

"मी सांगते मॅडमना, तुझं डोकं दुखतंय म्हणून."

मला तिचा रागच आला. म्हटलं, "तू तुझं बघ."

तिसऱ्या डाइव्हचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. थंडी वाजायची थांबली होती, आणि ते बरं लक्षण आहे असं मला वाटत होतं. पाटीवर मी एकच शब्द पुन्हा पुन्हा लिहीत होते. कुडकुडणाऱ्या माणसाला हवा जास्त लागते, टाकी लवकर संपते. काटा बघायचा असतो हे मला माहीत होतं, पण काटा बघितला तरी त्याचा अर्थ लागत नव्हता. मी अंगठा वर केला का? केला असावा. मग जबडा इतका आखडला की दातांत धरलेला हवेचा नळ सुटला आणि तोंडात खारं पाणी भरलं.

त्यानंतर फक्त रुचिताचा चेहरा. काचेआड तिचे डोळे मोठे झालेले. तिनं आपल्याजवळचा जादा नळ माझ्या तोंडात कोंबला आणि वरून हात दाबून धरला, निसटू नये म्हणून. दुसऱ्या हातानं माझ्या जॅकेटाचा पट्टा. मी झटापट करत होते, तिला लाथा मारत होते. तिनं सोडलं नाही. घाईनं वर आणलं असतं तर माझी फुप्फुसं फाटली असती. तिनं मला सावकाश, थांबत थांबत, जसं शिकवलं होतं अगदी तसं वर आणलं.

होडीत तिनं मला मिठीत घेतलं. मी थरथरत होते आणि ती रडत होती. तिचं अंग गरम होतं. "माझी बाय," ती म्हणत होती, "माझी बाय गो, काही झालं नाही."

*

मला दवाखान्यात दोन दिवस ठेवलं. फुप्फुसात पाणी गेलं होतं.

माझे बाबा मी सातवीत असताना मासेमारीला गेले ते परत आले नव्हते. होडी सापडली, ते नाही. त्यामुळे आई दवाखान्याच्या दारातून आत आली तेव्हा तिच्याकडे बघवत नव्हतं. तिनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला, मग वळली आणि खाटेच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या रुचिताचे पाय धरले. पन्नाशीची बाई, मुलीच्या वयाच्या पोरीच्या पायांवर डोकं ठेवून म्हणाली, "माझ्या चेडवाक तू परत हाडलंस. दर्यान एक घेतलो, दुसरा तू देवक नाय."

रुचिता मागं सरकली, भिंतीला टेकली. "काकी, नको," एवढंच म्हणाली आणि तिला हुंदका फुटला. ती इतकी रडली की शेवटी आईच तिला समजावायला लागली. सगळे म्हणाले, पोरीला धक्का बसलाय.

चिटणीस मॅडम जायच्या आधी भेटायला आल्या.

"तुझ्या नोंदी तिघांत सर्वांत नीट आहेत," त्या म्हणाल्या. "पहिल्या दोन डाइव्हच्या. मी खरं सांगते, मी तुलाच धरून चालले होते. पण पाण्यात उतरणाऱ्या माणसाला जे सांगितलं जातं ते त्यानं ऐकायला हवं, शलाका. हिंमत आणि हट्ट यांत फरक असतो."

मी मान हलवली. मला वाटलं, होडीत रुचिता 'नको जाऊस' म्हणाली होती त्याबद्दल त्या बोलताहेत. ते बरोबरच होतं. ती सांगत होती आणि मी ऐकलं नव्हतं.

पंधरवड्यानं निकाल आला. रुचिताची निवड झाली. पाण्याखाली दुसऱ्याचा जीव वाचवण्याइतकी शांत राहिलेली मुलगी, असं मॅडमनी तिच्याबद्दल आवर्जून कळवलं होतं. मला वाईट वाटलं, पण तिच्यावर राग धरायची सोयच नव्हती. उलट मी तिच्यासाठी भांडले. तिच्या घरचे पाठवायला तयार नव्हते, तेव्हा तिच्या सांगण्यावरून मी तिच्या दादासमोर बसून त्याला पटवलं. "तिच्यामुळे मी जिवंत आहे," मी म्हटलं. "ती जाईल तिथं लोक तिचं नाव काढतील." दादा शेवटी हो म्हणाला. आणि बॅग, ठरलं होतं तशी, मीच भरली. आईनं आपल्या ठेवणीतली जांभळी साडी तिला दिली.

*

ती निघायच्या आदल्या दिवशी गावच्या मंडळानं तिचा सत्कार ठेवला. शाळेच्या सभागृहात खुर्च्या मांडल्या होत्या. शाल आणि नारळ माझ्या हातून द्यायचा, आणि मी दोन शब्द बोलायचे, असं ठरलं होतं.

मी बाहेर पायरीवर बसून काय बोलायचं ते मनात जुळवत होते. इनास आला आणि शेजारी बसला. त्याला सेंटरवर कायमची नोकरी मिळाली होती, खुशीत होता.

"तब्येत कशी आहे?"

"बरी आहे."

"एक बोलू? राग धरू नकोस. तू तेव्हा ऐकायला पाहिजे होतंस."

"माहीत आहे. ती नको म्हणत होती तरी मी तिसऱ्यांदा उतरले."

"तिसऱ्यांदाचं नाही गो. सूटचं म्हणतोय मी. खाली एवढं गार आहे हे माहीत असून कुणी दोनचा घालतं का? आदल्या दिवशी आम्ही दोर बांधायला गेलो तर दहा मिनिटांत मी काकडलो. वर आल्या आल्या ठरवलं, उद्या पाचचाच. मॅडमना पण तेव्हाच फोन करून सांगितलं. तुला मी सांगणार होतो, तर रुचिता म्हणाली, मी सांगते, मी तिच्याकडेच चाललेय. आणि सकाळी बघतो तर तू दोनमध्ये. मी विचारलं तिला, तर म्हणे, सांगितलं रे, पण तिला जाड सूटमध्ये तरंगता येत नाही, ऐकत नाही."

सभागृहात कुणीतरी माईक तपासत होतं.

"तिनं कुठला घातला होता?" मी विचारलं.

"कोणी, रुचितानं? पाचचा. आत बिनबाह्यांचा आणखी एक थर. का?"

"काही नाही," मी म्हटलं.

"मॅडमही तेच म्हणाल्या, एवढी हुशार पोरगी, पण हटवादी." तो उठला. "चल, सुरू होईल आता."

*

रुचिता शाळेच्या ऑफिसात आरशासमोर होती. आईची जांभळी साडी नेसलेली, केसांत अबोलीचा वळेसार माळत होती. मला बघून तिनं पिन माझ्यापुढं केली.

"लाव ना मागून. माझा हात पोचत नाही."

मी पिन घेतली नाही. दार लोटलं.

"आदल्या दिवशी पाणी कसं होतं, रुचिता?"

तिचे हात केसांतच थांबले. आरशातून ती माझ्याकडे बघत राहिली, आणि तिला आणखी काही विचारायची गरज नाही हे मला कळलं. तरी मी विचारलं.

"इनासनं तुझ्याकडे निरोप दिला होता. माझा हात पाचच्या सूटवर होता. तू तो सोडायला लावलास."

"तुला काही होईल असं वाटलं नव्हतं मला," ती हळू आवाजात म्हणाली. "थंडी वाजेल, तू पहिल्या डाइव्हनंतर म्हणशील जमत नाही, आणि होडीत बसून राहशील. एवढंच होईल असं वाटलं."

"मी तसं म्हणणारी आहे?"

तिनं केसांतले हात खाली घेतले.

"सांग ना. तू मला पहिलीपासून ओळखतेस. मी तसं म्हटलं असतं?"

"नाही," ती म्हणाली.

"होडीत मी तुला सरळ विचारलं. तेव्हाही तू म्हणालीस, काल बरं होतं."

"तेव्हा कसं सांगणार होते मी? इनास समोर होता, मॅडम समोर होत्या. मी तुला थांबवायला बघत होते. चहा पाजला, नको जाऊस म्हटलं..."

"होडीत तुझ्या अंगावर पाचचा सूट होता. तो काढून देता आला असता."

ती खुर्चीत बसली. वळेसार एका बाजूनं सुटून खांद्यावर आला होता. बोलायला लागली तेव्हा तिची शहरी भाषा कुठल्या कुठं गेली.

"माका हयसून जावचा होता गो. देवगडचा स्थळ मोडूक नव्हता."

"मोडलं म्हणालीस मला. गणपतीतच म्हणालीस."

"तुका काय सांगू? दादान शब्द दिल्लो. दिवाळीनंतर साखरपुडो. त्येंका डायव्हिंग-बियव्हिंग चालणारा नव्हता. ही नोकरी हातात असली तरच दादा ऐकतलो, नायतर नाय. तुझ्या नोंदी माझ्यापेक्षा बऱ्यो असतत ह्या माका ठावक होता. नेहमीच असतत."

"मला सांगायचंस. मी नाव काढून घेतलं असतं."

तिनं मान वर केली. "घेतला असतंस?"

मला लगेच 'हो' म्हणता आलं नाही. नंतरही कधी खात्रीनं म्हणता आलेलं नाही. पण ते ठरवायची संधी माझी होती, आणि ती तिनं माझ्या हातातून काढून घेतली होती. वर मलाच तिच्या दादाकडे पाठवलं होतं, तिच्यासाठी भांडायला.

"मग मला वर कशाला आणलंस?" मी विचारलं.

ती गोंधळून माझ्याकडे बघायला लागली, प्रश्नच कळला नसल्यासारखी. "तू बुडत होतंस," ती म्हणाली.

बाहेरून माईकवर माझं नाव पुकारलं. कुमारी शलाका खोबरेकर. मग पुन्हा एकदा.

"सगळ्यांसमोर सांगशील?" तिनं विचारलं.

मी दार उघडलं आणि बाहेर पडले.

सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत आई बसली होती, पदर नीट खांद्यावर घेऊन, देवळात बसावं तशी. तिच्या शेजारी रुचिताचा दादा. मी व्यासपीठावर गेले. थोड्या वेळानं रुचिता आली आणि माझ्यापासून दोन हातांवर उभी राहिली. मी तिच्या खांद्यावर शाल टाकली, नारळ दिला. माईक माझ्या हातात आला. जुळवलेलं सगळं भाषण डोक्यातून गेलं होतं.

"रुचिता नसती," मी म्हटलं, "तर आज मी इथं नसते."

पुढं काही सुचेना, म्हणून तेवढ्यावरच थांबले. लोकांना वाटलं माझा गळा दाटून आला. टाळ्या कितीतरी वेळ चालल्या. आई डोळे पुसत होती. रुचिता नारळ छातीशी धरून खाली बघत उभी होती.

दुसऱ्या दिवशी तिला निरोप द्यायला मी गेले नाही. अंगात कणकण आहे म्हणून सांगितलं.

*

त्याला आता अकरा वर्षं झाली. तशी जागा आमच्याकडे पुन्हा निघाली नाही. मी सेंटरवरच राहिले, पुढं शिकवणारी झाले. रुचिता दोन वर्षांसाठी गेली ती तिकडेच कामाला लागली. सुरुवातीला तिचे मेसेज यायचे, मोठे मोठे. मी उघडत नसे. मग ते बंद झाले.

पण वर्षातून एकदा ती गावी यायची, आणि आली की आईला भेटल्याशिवाय तिची सुटका नव्हती. आई आठ दिवस आधीपासून विचारायला लागायची, रुचिता कधी येते. मी आईला कधी सांगितलं नाही. पहिल्यांदा सांगणार होते, अगदी ओठांवर आलं होतं. पण तेव्हा ती देवापुढं दिवा लावत होती आणि आम्हा दोघींची नावं एका दमात घेत होती. मग राहिलं ते राहिलंच.

गेल्या वर्षी रुचिता आली तेव्हा आई खूप थकली होती. घरची खानावळ केव्हाच बंद केली होती, पण त्या दिवशी चुलीपुढं बसून तिनं स्वतः सुरमईचं कालवण केलं. मला मसाल्याला हात लावू दिला नाही. आम्ही तिघी जेवायला बसलो. मी वाढत होते. रुचिताचे केस कानाशी पांढरे व्हायला लागले होते. आई स्वतः काही खात नव्हती, तिच्याकडेच बघत होती.

"माझा आता काय खरा नाय," आई तिला म्हणाली. "पण जातंय ती समाधानान जातंय. तू नसतंस तर माझ्या म्हातारपणाक कोण होता?"

रुचिताचा घास हातातच राहिला. तिनं तो ताटात परत ठेवला, बोटं एकमेकांना पुसली.

"काकी," ती म्हणाली, "तुमका एक सांगूचा आसा. कधीपासून सांगूचा होता."

तिनं माझ्याकडे बघितलं. तिला काय सांगायचं होतं ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि हेही दिसत होतं की सांगून टाकल्यावर ती मोकळी होणार होती. तिचे खांदे आधीच थोडे सैल पडले होते.

"भात घे," मी म्हटलं.

"शलाका..."

"घे. निवतोय." मी डाव भरून तिच्या ताटात भात वाढला, त्यावर कालवण घातलं.

"काय सांगतलंस गो?" आईनं विचारलं.

रुचिता ताटाकडे बघत राहिली. मी डाव हातात घेऊन तिच्यासमोर तशीच बसले होते.

"काय नाय, काकी," ती म्हणाली. "कालवण बरा झालाहा."

आईचा चेहरा उजळला. तिनं आपल्या ताटातली सुरमईची तुकडी उचलून रुचिताच्या ताटात ठेवली. रुचिता खाली मान घालून ती खायला लागली. तिचं ताट रिकामं होईपर्यंत मी तिच्यासमोरून उठले नाही.